‘मुकनायक’ लिहू नका : नियतकालिकाचे नाव हा इतिहासाचा पत्ता आहे

दरवर्षी ३१ जानेवारी जवळ आली की मोबाइलवर मूकनायक दिनाच्या शुभेच्छांची रीघ लागते. बॅनर लागतात, व्याख्याने होतात, आपल्या पत्रकार मित्रांचे सत्कार होतात. सगळे चांगलेच आहे. पण त्या बॅनरवर नाव काय असते? कुठे ‘मुकनायक’, कुठे ‘मुक नायक’, तर कुठे ‘मुकनायक’ आणि ‘मूकनायक’ एकाच फलकावर वर-खाली. चारच दिवसांनी, ४ फेब्रुवारीला, ‘प्रबुध्द भारत’च्या वर्धापनदिनाच्या शुभेच्छा येतात. द आणि ध यांनी जागा बदललेल्या असतात आणि कुणाच्या ते लक्षातही येत नाही.

आजवर मीही हे सोडून देत आलो. भावना महत्त्वाची, वेलांटी-उकाराचे काय एवढे, असे म्हणत आलो. पण गेल्या वर्षी पीएच.डी. करणाऱ्या एका तरुणीने तिची संदर्भसूची वाचायला दिली, आणि माझे मत बदलले. तिच्या सूचीत एकाच पाक्षिकाची चार रूपे होती. तिने आळस केला नव्हता. ज्या पुस्तकातून जो संदर्भ घेतला, त्या पुस्तकात जसे नाव छापले होते तसेच तिने प्रामाणिकपणे उतरवले होते. चूक आमच्या पिढीच्या पुस्तकांची होती. शेरा मात्र तिला बसला : ‘संदर्भ ढिसाळ आहेत, विश्वासार्ह वाटत नाहीत.’ सहा वर्षांची मेहनत, आणि तिच्यावर प्रश्नचिन्ह एका उकारामुळे.

म्हणून हा लेख. आपल्या चळवळीची नियतकालिके आणि ज्या संशोधनपत्रिकांत बाबासाहेबांनी लिहिले त्या पत्रिका, यांची नावे आपण सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायची की नाही, आणि लिहायची तर ती पद्धत कोणती, हे आता ठरवायला हवे.

आधी आक्षेप घेऊ

मला माहीत आहे, काही साथी लगेच म्हणतील, ‘हे तर शुद्धलेखनाचे ब्राह्मणी खूळ झाले. आमच्या पोरांच्या ‘आनि-पानी’ला हसणाऱ्यांच्याच रांगेत तुम्ही जाऊन बसलात.’

हा आक्षेप हलका नाही. शुद्ध-अशुद्धच्या काठीने आपल्या किती पिढ्यांना मार खावा लागला, ते आपल्याला ठाऊक आहे. वर्गात बोलायला उभे राहायची भीती त्याच काठीने घातली. माणसाने आपल्या बोलीत बोलावे, आपल्या बोलीत लिहावे, या बाजूचाच मी आहे आणि राहीन.

पण नियतकालिकाचे नाव हा शुद्धलेखनाचा विषय नाही. ते विशेषनाम आहे. ज्याने नाव ठेवले त्याने ते जसे ठेवले तसे लिहायचे, एवढाच त्याचा नियम. हिंदी पट्ट्यात ‘अंबेडकर’ लिहिले की आपण म्हणतो ना, की बाबासाहेबांचे आडनाव ‘आंबेडकर’ आहे, तसेच लिहा? तेव्हा आपण व्याकरण शिकवत नसतो, नावाचा मान मागत असतो. हाच न्याय त्यांच्या पत्रांना का नको?

याचा पुरावा हवा असेल तर दोन नावे शेजारी ठेवून पाहा. ‘मूकनायक’मधला मू दीर्घ आहे. आपण ऱ्हस्व लिहितो, कारण आपल्या जिभेवर ‘मुका, मुकी, मुके’ हे शब्द असतात आणि त्यांत उकार ऱ्हस्व आहे. ‘मूक’ हा शब्द वेगळा, त्याचा ऊकार दीर्घ. आता दुसरे नाव. सत्यशोधक चळवळीचे पत्र कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केले, पुढे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईतून चालवले. त्या काळच्या लेखनपद्धतीप्रमाणे त्याचे नाव ‘दीनबंधु’, शेवटचा उकार ऱ्हस्व. १९६२ च्या लेखन-नियमांनंतर आपण ‘बंधू’ दीर्घ लिहू लागलो. आजच्या नियमाने कुणी त्या पत्राला ‘दीनबंधू’ करील. मी म्हणतो, करू नका. भालेकर-लोखंड्यांच्या पत्राला आजच्या महामंडळाचे नियम लावण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणजे एका ठिकाणी मी दीर्घ लिहा म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी ऱ्हस्वच ठेवा म्हणतो. शुद्धलेखनाचा आग्रह असता तर दोन्हीकडे आजचा नियम लावला असता. माझा आग्रह एवढाच आहे की अंकाच्या माथ्यावर जे आहे तेच आपल्या लेखात यावे.

यंत्राला भावना कळत नाही

माणूस ‘मुकनायक’ वाचून ‘मूकनायक’ समजून घेतो. संगणक समजून घेत नाही. त्याच्या लेखी ऱ्हस्व उकार हे एक चिन्ह आणि दीर्घ ऊकार हे दुसरे. ‘द्ध’ म्हणजे आधी द, मग ध. ‘ध्द’ म्हणजे आधी ध, मग द. डोळ्याला दोन्ही जवळजवळ सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरे आहेत. शोध घेणारी यंत्रणा थोडी हुशार असेल तर सावरून घेते. पण आपल्याकडच्या कितीतरी ग्रंथालयांच्या संगणकांवर जे टंकले तेच शोधले जाते.

आता विचार करा. एखाद्या गावातला मुलगा तालुक्याच्या ग्रंथालयात जाऊन ‘मूकनायक’ असे अचूक टाइप करतो. नोंद मात्र ‘मुकनायक’ अशी आहे. उत्तर येते : काही सापडले नाही. पुस्तक कपाटात असते आणि मुलगा रिकाम्या हाताने परततो. ज्यांचे दस्तऐवज मुळातच कमी वाचले, ज्यांच्या पत्रांचे अंक कुणी जपून ठेवले नाहीत, त्यांच्याच नोंदी अशा हरवाव्यात हे आपल्याला परवडणारे नाही. मूकनायकच्या जन्माच्या वेळी ‘केसरी’ने पैसे देऊनही जाहिरात छापायला नकार दिला होता. तेव्हा आपले नाव दुसऱ्यांनी दडवले. आज ते आपल्याच हाताने दडवले जात आहे.

महाराष्ट्र शासनाने १९९० मध्ये वसंत मून यांच्या संपादनाखाली ‘बहिष्कृत भारत’ आणि ‘मूकनायक’ यांचे उपलब्ध अंक एकत्र छापले. हा खंड आपल्यातल्या अनेकांच्या घरात आहे. नाव कसे लिहायचे याची शंका आली तर तो उघडून पाहायला एक मिनिट लागतो.

एक अक्षर गळले की पाच वर्षे हलतात

ही शिस्त फक्त आपल्या पत्रांपुरती नाही. बाबासाहेबांचा ‘भारतातील जाती’ हा निबंध घ्या. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात त्यांनी तो वाचला, आणि मे १९१७ मध्ये तो एका संशोधनपत्रिकेत छापून आला. त्या पत्रिकेचे नाव मराठीत आपण किती प्रकारे लिहितो? इंडियन अँटिक्वरी, अँटिक्वेरी, ॲन्टिक्वेरी, ऍंटीक्वेरी, मध्येच ‘दि’ लावून, मध्येच ‘द’ लावून. ‘अँ’, ‘ॲं’ आणि ‘ऍं’ हे तिन्ही डोळ्याला सारखेच दिसत असले तरी संगणकात तीन वेगळे आहेत, हे आणखी वर. उच्चाराला धरून आणि साधे म्हणून ‘इंडियन अँटिक्वरी’ हे एक रूप आपण ठरवून टाकावे असे मला वाटते. ‘दि’ नको, कारण मराठीत नावाच्या सुरुवातीला ‘दि’ लावले की वर्णानुक्रमात ते नाव थेट ‘द’खाली जाऊन पडते.

नुसत्या नावावर थांबू नका, खंड-क्रमांकही पाहा. या निबंधाचा संदर्भ देताना आपल्याकडच्या छापील आणि ऑनलाइन नोंदींत वर्षानुवर्षे ‘मे १९१७, खंड ४१’ असे येते. आता साधा हिशेब करा. इंडियन अँटिक्वरीचा पहिला खंड १८७२ चा, दरवर्षी एक खंड. म्हणजे १९१७ चा खंड ४६ वा येतो. ४१ वा खंड १९१२ चा. १९१२ मध्ये बाबासाहेब मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात होते. ते अमेरिकेला गेले १९१३ मध्ये. जो निबंध लिहायला अजून चार वर्षे होती, तो त्या खंडात कसा सापडेल?

ही चूक झाली कशी असेल? रोमन आकड्यांत ४१ लिहिताना एक्स-एल-आय अशी तीन अक्षरे येतात, ४६ लिहिताना मध्ये एक ‘व्ही’ येतो. बहुधा तो एक ‘व्ही’ कुठेतरी गळला आणि पुढच्या प्रत्येकाने मागच्याचे पाहून उतरवले. कुणी मूळ खंड काढून पाहिला नाही. एखाद्या विद्यार्थ्याने ग्रंथालयात खंड ४१ मागवला तर त्याला बाबासाहेब सापडणार नाहीत. आणि आपल्याशी वाद घालणारा हुशार असेल तर तेवढ्यावरून म्हणेल, ‘हे लोक मूळ न पाहता लिहितात.’ अशी संधी त्याला का द्यायची?

लक्षात ठेवा, १९३८ मध्ये ‘न्यू इंडियन अँटिक्वरी’ नावाची वेगळी पत्रिका निघाली. ‘न्यू’ हा शब्द विशेषण समजून कुणी गाळला तर आणखी एक गोंधळ.

नावाचे भाषांतर करू नका

दुसरी एक सवय. १९१८ मध्ये बाबासाहेबांचा शेतजमिनीच्या लहान तुकड्यांवरचा प्रसिद्ध निबंध आणि बर्ट्रांड रसेल यांच्या पुस्तकावरचे परीक्षण ‘जर्नल ऑफ द इंडियन इकॉनॉमिक सोसायटी’ या पत्रिकेत आले. मराठीत लिहिताना आपण उत्साहाने या नावाचेच भाषांतर करतो. कुणी ‘भारतीय अर्थशास्त्र परिषदेचे मुखपत्र’ म्हणतो, कुणी ‘भारतीय आर्थिक संस्थेचे नियतकालिक’. वाचकाने हे नाव शोधायचे कुठे? अशा नावाची पत्रिकाच कधी निघाली नाही.

निबंधाच्या शीर्षकाचे भाषांतर खुशाल करा. वाचकाला विषय कळला पाहिजे. पण पत्रिकेचे नाव म्हणजे दारावरची पाटी. पाटीचे भाषांतर केले तर पाहुणा दारापर्यंत पोचत नाही.

नाव बदलले तर काय?

इथे आपल्या भावनेची खरी परीक्षा आहे.

‘जनता’ हे पत्र २४ नोव्हेंबर १९३० रोजी सुरू झाले. १९५६ मध्ये त्याचेच नाव ‘प्रबुद्ध भारत’ झाले. धम्मक्रांतीच्या वर्षातले हे नाव आपल्याला प्रिय आहे, म्हणून १९३६ चा लेख ‘प्रबुद्ध भारत’मधला म्हणून सांगायचा का? नाही. १९३६ मध्ये ते ‘जनता’ होते. औरंगाबादेत १९६७ मध्ये ‘अस्मिता’ निघाले, ज्याचे पुढे ‘अस्मितादर्श’ झाले आणि गंगाधर पानतावणे यांनी ते आयुष्यभर चालवले. अगदी सुरुवातीच्या अंकांचा संदर्भ ‘अस्मिता’ असाच द्यायला हवा, पुढच्या अंकांचा ‘अस्मितादर्श’, तोही एका शब्दात. ‘अस्मिता दर्श’ असे तोडले की शोधणारा ‘दर्श’ नावाचे काहीतरी शोधत बसतो.

आणि आता कठीण उदाहरण. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. नाव प्रत्यक्षात बदलले १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या सोळा वर्षांत आपल्या वस्त्या जळल्या, माणसे मेली, लाँग मार्च निघाला. त्या नावाची किंमत आपण रक्ताने मोजली आहे. तरीही १९८५ च्या प्रबंधाचा किंवा त्या काळच्या विद्यापीठीय प्रकाशनाचा संदर्भ देताना त्यावर छापले आहे तेच, ‘मराठवाडा विद्यापीठ’ असेच नाव लिहावे लागेल. मला हे लिहिताना जड जाते. पण जुन्या कागदावर नवे नाव चिकटवले तर ती सोळा वर्षेच कागदावरून पुसली जातात. १९८५ च्या पानावर ते नाव नव्हते, हाच तर आपल्या लढ्याचा पुरावा आहे.

याच न्यायाने १९९४ नंतरच्या प्रत्येक नोंदीत ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे पूर्ण नाव आले पाहिजे. ‘बामू’ नाही, आणि सवयीने ‘मराठवाडा विद्यापीठ’ तर मुळीच नाही. ज्यांना ते नाव तोंडी आणायचे नसते त्यांना संक्षेप फार सोयीचा पडतो. आपण त्यांची सोय करू नये.

एकाच नावाची दोन पत्रे

‘जनता’, ‘समता’, ‘अस्मिता’ हे रोजच्या वापरातले शब्द आहेत. नुसते ‘जनतामध्ये लिहिले आहे’ म्हटले तर वाचक म्हणेल, कोणत्या जनतेत? १९४६ पासून ‘जनता’ नावाचे समाजवाद्यांचे इंग्रजी साप्ताहिकही निघते. ‘प्रबुद्ध भारत’ याच नावाचे रामकृष्ण संघाचे इंग्रजी मासिक १८९६ मध्ये मद्रासला सुरू झाले. विवेकानंदांच्या प्रेरणेने निघालेले ते मासिक आणि बाबासाहेबांचे ‘प्रबुद्ध भारत’ यांत विचारांचे केवढे अंतर आहे! पण इंटरनेटवर नाव टाकले की दोन्ही एकाच ओळीत येऊन बसतात. नव्या काळात अमेरिकेच्या ब्रँडाइस विद्यापीठातून २०२० पासून ‘कास्ट : अ ग्लोबल जर्नल ऑन सोशल एक्सक्लूजन’ ही पत्रिका निघते. तिचे नाव नुसते ‘कास्ट’ लिहिले तर जगभरातले जातीवरचे सगळे लेखन समोर येईल, ती पत्रिका सोडून.

म्हणून नाव अवतरणात हवे, उपशीर्षक असेल तर पहिल्या उल्लेखात तेही हवे, आणि सोबत गाव व वर्ष हवे.

तर ठरवू या

माझा प्रस्ताव सात कलमांचा आहे. यात कुणाला दुरुस्ती सुचवायची असेल तर जरूर सुचवा, पण एकदा ठरले की सगळ्यांनी पाळू या.

१. नियतकालिकाचे नाव अंकाच्या माथ्यावर जसे आहे तसेच लिहावे. मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत, अस्मितादर्श. आजच्या लेखन-नियमाने जुने नाव ‘दुरुस्त’ करू नये.

२. ज्या तारखेचा अंक, त्या तारखेचे नाव. नंतर नाव बदलले असेल तर पुढे ‘नंतरचे नाव अमुक’ असे एकदा सांगावे.

३. इंग्रजी पत्रिकेच्या नावाचे भाषांतर करू नये. देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहावे, सुरुवातीचे ‘दि’ किंवा ‘द’ सोडावे, आणि एक रूप ठरले की पूर्ण लेखात तेच ठेवावे.

४. पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव, गाव, वर्ष, खंड, अंक, पान. संक्षेप वापरायचाच असेल तर तो पहिल्यांदा सांगून मग वापरावा.

५. आजच्या पत्रिकांना आठ अंकी आयएसएसएन क्रमांक असतो. नाव कुणी कसेही लिहिले तरी तो क्रमांक बदलत नाही. तो नोंदवावा.

६. ग्रंथालयाच्या नोंदीत मुख्य रूप एकच असावे. ‘मुकनायक’ आणि रोमन लिपीतली दोन-तीन वळणे यांच्यापुढे ‘पाहा : मूकनायक’ अशी वाट दाखवावी. चुकीचे टाइप करणाऱ्यालाही योग्य कपाटापर्यंत नेणे हे ग्रंथपालाचे काम आहे.

७. दुसऱ्याच्या पुस्तकातला उतारा घेताना त्यातले नाव चुकीचे असेल तर उताऱ्यात हात घालू नये. आपल्या सूचीत मात्र योग्य रूपच लिहावे, आणि जमेल तिथे मूळ अंक पाहूनच संदर्भ द्यावा.

एक गोष्ट स्पष्ट करतो. फलकावर ‘मुकनायक’ लिहिणाऱ्या कार्यकर्त्याला कुणी हसू नये, चारचौघांत त्याची चूक काढू नये. फलक त्याने पदरच्या पैशाने लावलेला असतो, रात्री जागून लावलेला असतो. त्याला आदल्या दिवशी योग्य नाव मोबाइलवर पाठवा, म्हणजे झाले. माझी तक्रार लेखकांकडे, प्रकाशकांकडे, विशेषांकांच्या संपादकांकडे आणि प्राध्यापकांकडे आहे. पगार आणि मानधन घेऊन आपण जे छापतो, त्यातून पुढचा कार्यकर्ता नाव उचलतो. संदर्भ ढिसाळ असल्याचा शेरा त्या मुलीच्या प्रबंधावर मारला गेला, तो मुळात आपल्या पुस्तकांवर मारायला हवा होता.

बाबासाहेबांनी आपल्या अनेक ग्रंथांत खंड आणि पान देऊन विरोधकांचीच साधने त्यांच्यापुढे ठेवली. म्हणून त्यांचे म्हणणे खोडताना समोरच्याला घाम फुटला. त्यांच्या पत्राचे नावही आपल्याला दोन ठिकाणी सारखे लिहिता येत नसेल, तर पुढच्या ३१ जानेवारीला सत्कार करण्याआधी तो १९९० चा खंड उघडून नाव एकदा नीट पाहून घेऊ या.

जय भीम!